तुझा डबा इथंच राहिला

ता. बाभुळगाव, जि. यवतमाळ
रविवार, १४ डिसेंबर २०२५

चि. सौ. वैशू हिस आईचा अनेक आशीर्वाद.

शुक्रवारी धामणगावला तुम्हाला विदर्भ एक्सप्रेसमध्ये बसवून घरी आले तर ओट्यावर तुझा डबा तसाच. पाटवड्या, जवसाची चटणी आणि पिहूसाठी वेगळे बांधलेले तिळाचे लाडू. विसरलीस की मुद्दाम ठेवून गेलीस, ते मी विचारणार नाही. पाटवड्या दादानं खाल्ल्या. लाडू आहेत.

फोन केला असता, पण फोनवर आपलं दोन मिनिटांत वाजतं. म्हणून लिहायला बसले. तुम्ही घ्यायला निघालात त्या मुलुंडच्या फ्लॅटचा विषय काढायचा नाही, असं आधीच ठरवलं आहे.

बाबा सकाळपासून वावरात आहेत, वेचणी सुरू आहे. बाया मिळत नाहीत, मिळाल्या तर किलोमागे भाव वाढवून मागतात, आणि त्यांचंही चूक नाही. पावसानं खालची बोंडं सडली, त्यामुळे पाच एकरांत पंचवीस क्विंटलच्या वर काही जात नाही. लांब धाग्याचा हमीभाव यंदा क्विंटलला ८,११० आहे, पण खेडा खरेदीवाला मुठीत कापूस दाबतो, ‘ओल आहे’ म्हणतो आणि सात हजार सांगतो. बाहेरच्या कापसावरचं अकरा टक्के शुल्क डिसेंबरअखेरपर्यंत माफ आहे ना, म्हणून त्याला एवढी मस्ती, असं बाबा म्हणतात. सात हजारानं १ लाख ७५ हजार होतात. त्यातून बियाणं, खत, फवारणी, वेचणी वजा करायची. तुमचा हप्ता महिन्याला १ लाख ४ हजार. म्हणजे पाच एकरांची अख्खी पऱ्हाटी तुमचे पावणेदोन हप्ते.

बघ, काढलाच मी विषय.

तू म्हणालीस, “आई, तुला तिथलं काही कळत नाही.” नसेल कळत. पण वीस वर्षांच्या वर झाले, बचत गटाची वही मी लिहिते. जवाईबापूंनी बाबांना समजावून सांगायला जो कागद केला होता तो टीव्हीखाली राहिला होता. तो घेतला आणि गटाच्या जुन्या वहीच्या मागच्या पानावर रात्री मांडून पाहिलं.

घर १ कोटी ६० लाखांचं. पंचाहत्तर लाखांवरच्या कर्जाला बँक किमतीच्या पंचाहत्तर टक्क्यांपेक्षा जास्त देत नाही, म्हणजे कर्ज १ कोटी २० लाख आणि ४० लाख आपले. मुद्रांक शुल्क सहा टक्क्यांनी ९ लाख ६० हजार, नोंदणीचे ३० हजार, तेही आपल्याच खिशातून. झाले पन्नास लाख, दलाली वेगळी. तुमच्याजवळ ३१ आहेत. (आठ वर्षांत दोघांनी ३१ लाख जमवले, हे मी गटाच्या बैठकीत सांगून टाकलं. रागावू नकोस, तोंडातून निघून गेलं.) उरलेल्या एकोणीस लाखांसाठी बाबा कालव्याजवळची दोन एकर काढायला निघाले.

आता महिन्याचं. तुमचे दोघांचे मिळून हातात २ लाख १० हजार. त्यांचे सव्वा लाख, तुझे ८५ हजार. हप्ता १ लाख ४ हजार. बाकीचं हजारांत: सोसायटी ७, पिहूची शाळा आणि पाळणाघर २२, किराणा-दूध-भाजी १८, कामवाली ५, लाइट-गॅस-मोबाइल ५, सासूबाईंची औषधं ६, विमा ४, येणं-जाणं ६. हे ७३ झाले. हप्त्यासकट १ लाख ७७ हजार. कपडालत्ता, सणवार, गावी येणं यात काही धरलेलं नाही. तेहतीस हजार उरतात. दोन पगार चालू आहेत तोवर घर चालतं, मी नाही कुठं म्हणते?

पण तुझा एक पगार काढून ठेव बाजूला. सव्वा लाखातून हप्ता गेला की राहिले एकवीस हजार. एकवीस हजारांत पोरगी, सासूबाई आणि मुलुंड.

आणखी एक पाहिलं. साडेआठ टक्क्यांनी १ कोटी २० लाखांवर पहिल्या महिन्याचं नुसतं व्याज ८५ हजार येतं. तुझा पगार तेवढाच. मुद्दल फिटणार त्यात १९ हजार. मी दोनदा गुणाकार केला. वीस वर्षांत अडीच कोटी भरायचे. जवाईबापू हसतील, म्हणतील आईच्या गटात तर महिन्याला दोन टक्के घेतात. घेतो बापा. पण आमची बाई शिलाई मशीनसाठी वीस हजार घेते आणि दहा महिन्यांत मोकळी होते. तुमचे दोनशे चाळीस महिने. पिहू आता तीन वर्षांची आहे, तेव्हा तेवीसची होईल.

मी काऊन घाबरते ते तुला ठाऊक आहे. २००८ ची कर्जमाफी आली तेव्हा तू दहावीला होतीस. पाच एकरांपर्यंतवाल्यांचं माफ झालं, आपले नऊ एकर म्हणून आपण ‘मोठे शेतकरी’. त्या आधीची दोन वर्षं गावच्या सोसायटीच्या कर्जाचं नुसतं नवं-जुनं करत होतो, मार्चमध्ये कोणाकडून तरी आणून भरायचं, एप्रिलमध्ये उचलून त्याचं त्याला द्यायचं. त्या वर्षी आणायला कोणी उरलं नव्हतं. बाबांनी लाल जोडी यवतमाळच्या बाजारात नेली. येताना एसटीनं आले, हातात दोन रिकामी दावी. ती दावी त्यांनी खुंटीला लावली आणि तू काही न बोलता त्यांना पाणी दिलंस. मी ते सांगणार नव्हते. घाबरणाऱ्या माणसाचं ऐकू नये असं तू म्हणशील, तर म्हण.

तुझी बाजू मला दिसत नाही असं नाही. मागच्या वर्षी डोंबिवलीला आले तेव्हा एक दिवस तुझ्यासोबत लेडीज डब्यात चढले होते. सकाळची आठ चौदा की आठ सोळा. माझे पाय खाली टेकलेच नाहीत म्हण ना. तू मला मध्ये धरलंस आणि कळवा गेल्याबरोबर दाराकडे ढकलायला लागलीस, “आई, आत्तापासून सरकावं लागतं, नाहीतर कांजूर निघून जाईल.” उतरल्यावर माझ्या पदराची पिन कोणाच्या तरी ओढणीला अडकून गेली होती. तू बाकड्यावर बसून दोन बोटांनी कपाळ दाबत होतीस. म्हणालीस, रोजचंच आहे. त्या दिवशी माझ्याही मनात आलं होतं, घे पोरी कुठंही घर, पण जवळ घे.

जवळच राहा. पण भाड्यानं राहा वर्षभर. मुलुंडात तुम्ही पाहिलेल्या त्या जागेचं भाडं बेचाळीस हजार सांगितलं होतं ना? भाडं म्हणजे पाण्यात पैसे, हे जवाईबापूंचं पालुपद मला पाठ आहे. पण व्याजाचे ८५ हजार कुठं जातात मग? भाड्याचं घर जड झालं तर महिन्याची नोटीस देऊन टेम्पो बोलावता येतो. बँकेला नोटीस देता येत नाही. तुझं डोकं फार दुखायला लागलं, किंवा कंपनीनं माणसं कमी केली, किंवा तुला दुसऱ्या मुलाचं मनात आलं (मी विचारत नाही), तर सव्वीस आठवड्यांची भरपगारी रजा कायद्यानं मिळते, मान्य. सत्ताविसाव्या आठवड्यात काय? तेव्हा पोरीनं बसून राहायचं म्हटलं तर बसता आलं पाहिजे.

फार बोलले. बत्तीस वर्षांच्या बाईला, जिच्या हाताखाली अकरा माणसं आहेत, तिला मी गुणाकार शिकवते आहे. चुकलं माझं.

वावराचं मात्र स्पष्ट लिहिते, कारण त्या रात्री जवाईबापूंसमोर मी “ते विकायचं नाही” म्हणाले आणि तुझं तोंड उतरलं. तुला वाटलं, दादासाठी राखते. तसं नाही. २००५ पासून पोरीचा हिस्सा पोराइतकाच आहे, आणि कायदा नसता तरी तुझा होता. दादालाही मी हेच सांगितलं, तो म्हणाला, “थे मले काऊन सांगतं?” बेंबळा धरणाच्या पाण्यावर त्या दोन एकरांत गहू आणि हरभरा होतो, बाकीचं सारं पावसावर. विकायचंच ठरलं तर मी सही करीन, कुरकुर न करता. फक्त खरेदी तुझ्या एकटीच्या नावावर कर. बाईच्या नावानं मुद्रांक शुल्कात एक टक्का सूट आहे, १ लाख ६० हजार वाचतात. जवाईबापूंना हे तू सांग, मी सांगितलं तर त्यांना वेगळंच वाटेल. माणूस चांगला आहे गं. शुक्रवारी स्टेशनवर पाया पडताना माझ्याकडे बघत नव्हता, तेवढं लागलं मला.

वही काढली तेव्हा तुझं अक्षरही निघालं. सहावीत होतीस, गटाच्या बैठकीत माझ्या बाजूला बसायचीस. चहाचे अकरा रुपये दोनदा लागले होते, ते तू शोधलेस आणि सुमनकाकूंसमोर लाल पेनानं गोल केलास. काकू आठ दिवस बोलल्या नाहीत. तो गोल अजून आहे. माझं पान फाडून सोबत ठेवलं आहे. किराणा मी कमी धरला असेल, तिथले भाव तू घाल.

गजू गुरुवारच्या विदर्भानं निघतो आहे, शुक्रवारी पहाटे ठाण्याला उतरेल. जवाईबापूंना स्टेशनवर पाठव. त्याच्याजवळ लाडू, पाच किलो तुरीची डाळ आणि कुरडया आहेत. डाळ यंदाची नाही, मागच्या सालची आहे, भिजत घालून लाव.

तुझी
आई

ता. क. डोळे तपासून घेतलेस का? नंबर वाढला असला तरी डोकं दुखतं. जागेवरून नाही विचारत, नुसतंच विचारते.