सावकाराचे देणे गटातून फेडताना

संपादक महोदय,

बचत गटाचे कर्ज घेऊन सावकाराचे देणे फेडता येते, पण ते अर्धवट फेडले तर घर दुहेरी कात्रीत सापडते. २०,००० रुपयांवर सावकाराचे शेकडा ५ म्हणजे महिन्याला १,००० रुपये नुसते व्याज, मुद्दल तसेच उभे राहते. गटाने शेकडा २ ने, उरलेल्या मुद्दलावर व्याज धरून दिले, तर दरमहा २,००० मुद्दल फेडत १० महिन्यांत एकूण व्याज २,२०० होते आणि तेही गटातच राहते. १२ जणींनी दरमहा २०० रुपये टाकले की नवव्या महिन्यात २१,६०० जमतात. तेवढ्या रकमेत एकच देणे मिटवावे, ते मात्र पूर्ण.

रक्कम कर्जदार बाईच्या एकटीच्या हाती देऊ नये. दोन सदस्यांनी सोबत जावे. पावती, गहाण दागिने, कोरे सही केलेले धनादेश आणि मुद्रांक तिथल्या तिथे परत घ्यावेत. हे धनादेश मागे राहिले की फिटलेले देणे पुन्हा उभे राहते! सावकाराकडे परवाना नसेल, तर तालुक्याच्या सहायक निबंधकांकडे (सहकारी संस्था) लेखी तक्रार करावी. पहिले चार हप्ते होईपर्यंत घरात दुसरे कर्ज येऊ नये, यावर गटाने बैठकीत लक्ष ठेवावे.

– महिला बचत गटाच्या कार्यकर्त्या, जि. सातारा