भिंतीपलीकडचा सवाई

पुणे, रविवार रात्र

प्रिय मित्रा,

तुझा व्हॉइस मेसेज दोनदा ऐकला. मेलबर्नला तुम्ही सात-आठ घरं मिळून गाण्याचा छोटा उत्सव करणार म्हणतोस, बेस्ट आहे. आणि मला विचारतोस की आपला सवाई, डिसेंबरातला तो शास्त्रीय गाण्याचा महोत्सव, नेमका सुरू कसा झाला रे, तू तर रमणबाग शाळेच्या मैदानाजवळच राहायचास. व्हॉट्सॅपवर टाइप करायला घेतलं तर अंगठा दुखायला लागला, म्हणून हे लांबलचक पत्र, चहा घेऊन बस.

सुरुवात एकदम साधी आहे रे. गुरूची पुण्यतिथी. सवाई गंधर्व म्हणजे रामभाऊ कुंदगोळकर, अब्दुल करीम खाँसाहेबांचे शिष्य, नाटकात स्त्री भूमिका करायचे, गंधर्वाच्या सव्वापट म्हणून सवाई. ते 1952 च्या सप्टेंबरमध्ये गेले आणि पुढच्या वर्षी, 1953 ला, त्यांचे शिष्य भीमसेन जोशींनी त्यांच्या नावानं गाणं ठेवलं. भीमसेन तेव्हा एकतीस वर्षांचे, म्हणजे आपण त्या वयात होम लोनचे हप्ते मोजत होतो बघ. बरोबर नानासाहेब देशपांडे, सवाई गंधर्वांचे जावई, आणि आर्य संगीत प्रसारक मंडळ. म्हणजे तेव्हा कुणी भव्य महोत्सव वगैरे करायला बसलेलं नव्हतं, गुरुबंधू-गुरुभगिनी जमायचे आणि गुरूला आठवून गायचे. हुबळीहून गंगूबाई हनगल यायच्या, तो आवाज आठवतो ना, पुरुषाचा की बाईचा हा प्रश्नच पडू नये असा भरदार. मुंबईहून फिरोज दस्तूर, पारशी माणूस, आणि गाणं मात्र थेट अब्दुल करीम खाँसाहेबांच्या घराण्यातलं. "गोपाला" म्हटल्याशिवाय लोक त्यांना स्टेजवरून उतरू देत नसत. तुमच्या उत्सवासाठी यातून काही घ्यायचं असेल तर एवढंच घे की मोठं नाव शोधत बसू नका, ज्याच्यासाठी करायचंय तो माणूस आधी ठरवा. बाकी मंडप, स्पीकर, खुर्च्या काय, होतात.

रमणबागेत तो नंतर आला. आधी इतर ठिकाणी व्हायचा, रेणुका स्वरूपच्या मैदानात आमचे बाबा सायकलवर टांग मारून जायचे, कानटोपी आणि पिशवीत थर्मास. आपल्याला कळायला लागलं तेव्हा मात्र सवाई म्हणजे रमणबाग हे पक्कं झालेलं.

आता खरं सांगू का, आमच्यासारख्या शनिवार-नारायण पेठेतल्या घरांना सवाई हा तिकिटाचा कार्यक्रम कधी वाटलाच नाही. तो भिंतीपलीकडून यायचा. डिसेंबरात मांडवाचे बांबू पडायला लागले की आई गाद्या उन्हात टाकायची, कारण सांगलीचे मामा, नाशिकचे कुणीतरी, त्या कुणाचे आणखी कुणीतरी, सगळे आमच्याकडे उतरायचे. तीन रात्री घराचं दार नुसतं लोटलेलं. पहाटे तीनला कुणी चहाला येतंय, कुणी पाठ टेकायला, आणि माजघरातनं जायचं तर झोपलेल्यांचे पाय ओलांडून. आजी अंथरुणात पडल्या पडल्या सांगायची, दरबारी राग चाललाय, अजून बराच वेळ आहे, झोपा. तिनं आयुष्यात एकदाही तिकीट काढलं नाही आणि तिच्याइतका सवाई कुणी ऐकला नसेल.

आत मैदानात वेगळंच राज्य. भारतीय बैठक म्हणजे जमिनीवर चटई टाकून बसायचं, आणि चटईवरून जी भांडणं व्हायची ती काय सांगू, एका काकांनी माझ्या रुमालाचं टोक त्यांच्या सतरंजीवर आलं म्हणून मला यमनच्या ऐन आलापीत झापलं होतं. शाली, कानटोप्या, डब्यातनं थालीपीठ, मागं स्टॉलवर वडापावची रांग. निम्मे लोक झोपलेले. पण गंमत बघ, झोपलेला माणूस सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, आली की बरोब्बर मान हलवायचा. सुरुवात शहनाईनं, मग नव्या मुलामुलींना संधी, आणि रात्र जसजशी चढेल तसे मोठे कलाकार. शेवट भीमसेन, रविवारी उजाडताना. आणि स्वतःच उत्सव चालवणारा माणूस, म्हणजे तीन रात्री कलाकारांचं हवं-नको बघून वर शेवटी स्वतः गायला बसायचं, हे मला अजून झेपत नाही, मला सोसायटीची एजीएम घेतली तरी दोन दिवस डोकं दुखतं.

आणि ते संपलं की सवाई गंधर्वांची जुनी रेकॉर्ड लावायचे, भैरवीतली "बिन देखे". तेव्हा कुणी हलायचं नाही. ज्या काकांनी मला झापलं ते डोळे पुसत होते, रुमाल नव्हता म्हणून शालीनं.

मग रात्र गेली. 2000 साली आवाजाचे नियम आले, रात्री दहानंतर स्पीकर बंद, पुढं सुप्रीम कोर्टानंही तेच धरलं, वर्षात मोजक्या दिवशी बारापर्यंत सूट. त्यामुळं तीन रात्रींचा सवाई पसरून जास्त दिवसांचा झाला आणि दुपारीच सुरू व्हायला लागला. मी तेव्हा जाम चिडलो होतो. मालकंस, अडाणा, सोहनी, परज, ललत, हे सगळे रात्रीचे-पहाटेचे राग घड्याळाच्या पलीकडे गेले ना! पण एक सांगतो, आमच्याच वाड्यात एक आजोबा आजारी होते आणि त्यांना त्या तीन रात्री झोप नसायची, त्यांच्या सुनेनं एकदा मला सरळ विचारलं की तुमचा मालकंस आमच्या उशाशी का? माझ्याकडे उत्तर नव्हतं, अजूनही नाही. आणि दुपारच्या सवाईत भीमपलास, मुलतानी, पटदीप, मारवा हे दुपार-संध्याकाळचे राग मनसोक्त ऐकायला मिळाले, जे आधी झोप काढून संध्याकाळी उशिरा पोचणाऱ्या माझ्यासारख्याला मिळतच नव्हते. तरी पण पहाट ती पहाट.

2011 च्या जानेवारीत भीमसेन गेले, उत्सवाच्या नावात त्यांचं नाव आलं, सवाई गंधर्व भीमसेन महोत्सव. शेवटाला प्रभाताई अत्रे गायला लागल्या होत्या, त्याही 2024 च्या जानेवारीत गेल्या. आणि 2018 ला सवाई रमणबागेतनं उठून मुकुंदनगरला गेला, महाराष्ट्रीय मंडळाच्या मैदानावर. मैदान मोठं आहे, बसायला ऐसपैस, पार्किंगची मारामारी जरा कमी, सगळं मान्य. मी जातो. करोनाची दोन वर्षं सोडली तर चुकवला नाही, 2024 ला सत्तरावा झाला. पण जागा बदलली त्या पहिल्या वर्षी डिसेंबरात मी संध्याकाळी रमणबागेवरून चाललो होतो, गेट बंद, आत कुणीतरी क्रिकेट खेळतंय, वडेवाल्याकडे गर्दी नाही. आईनं त्या वर्षीसुद्धा गाद्या उन्हात टाकल्या होत्या. कोण येणार म्हटलं तर म्हणाली, असू देत, दमट झाल्या होत्या.

बरं, आता मुद्द्याचं. बारावीच्या वर्षी आपण आमच्या गॅलरीत बाबांचा टेपरेकॉर्डर ठेवून भीमसेन रेकॉर्ड केले होते, आठवतं? आत जायला पैसे नव्हते आणि दोन दिवसांवर फिजिक्सची टेस्ट. त्यात मधेच दूधवाल्याच्या किटल्या वाजतात आणि आजी ओरडते, "अरे त्या मेल्याला थांबवा कुणीतरी!" ती कॅसेट तू ऐकून देतो म्हणून नेलीस ती नेलीसच, आधी बेंगलोर, मग मेलबर्न. गेली तीसेक वर्षं तू म्हणतोस त्यातला राग तोडी होता आणि मी म्हणतो ललत. शोध ती. तुमच्या त्या उत्सवात सुरुवातीला तीच लाव, किटल्यांसकट. आणि नीट कान देऊन ऐक, ललतात पंचम, म्हणजे प हा स्वर, नसतो. एकदा जरी पंचम लागला तर तू जिंकलास, डिसेंबरात आलास की पाचही दिवसांचं तिकीट माझ्याकडून. नाही लागला तर तू काढायचंस, आणि खुर्चीचं नको, खालचं.

तुझा,
भिंतीअलीकडचा

ता. क. : आईला आवाज पाठव त्यातला, आजीचा तेवढाच. आमच्याकडे दुसरीकडे कुठेच नाहीये.