‘कमी तास, चालू स्थितीत, नुकतेच बांधलेले’

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

जुन्या बोटींच्या डिझेल इंजिनांच्या छोट्या जाहिरातींत तीन शब्दप्रयोग हमखास भेटतात: ‘कमी तास चाललेले’, ‘चालू स्थितीत’ आणि ‘नुकतेच बांधलेले’ (म्हणजे उघडून, झिजलेले भाग बदलून पुन्हा जोडलेले). घेणारा याच तीन शब्दांवर पैसे मोजतो. इंजिनाची खरी किंमत मात्र तिन्हींपैकी एकातूनही कळत नाही. बोटीच्या पोटात बसवलेले इंजिन चालून चालून क्वचितच संपते. ते बहुधा खाऱ्या पाण्याने आणि उभे राहून संपते. म्हणून हे पत्र.

आधी तासांचे बघू. तासांचे मीटर पुष्कळ बोटींत चावी फिरवली की मोजू लागते, इंजिन फिरो वा न फिरो. ते बदलता येते, आणि बंद पडले तर वर्षानुवर्षे एकाच आकड्यावर बसून राहते. समजा, आकडा खरा आहे. तरीही वर्षाला हजार तास एका लयीत चाललेले मच्छीमार बोटीचे इंजिन हे वर्षाला तीस तास चालणाऱ्या हौशी बोटीच्या इंजिनापेक्षा आतून निरोगी निघू शकते. थोडेथोडे चालवलेले इंजिन पुरते तापत नाही. ज्वलनातून तयार होणारे पाणी आणि आम्ल ऑइलमध्येच राहून बेअरिंगे खाते. नुसती बॅटरी भरायला तासन्‌तास आयडलवर (बोजाशिवाय, मंद गतीत) ठेवले असेल तर लायनरवरची, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या अस्तरावरची, होनिंगच्या बारीक चरांची जाळी काचेसारखी गुळगुळीत होते, ऑइल जळू लागते आणि एक्झॉस्टमध्ये काजळी साठते. दोन-तीन पावसाळे उभ्या राहिलेल्या इंजिनात उघड्या राहिलेल्या व्हॉल्व्हमधून दमट हवा शिरते, त्या सिलिंडरची भिंत गंजते आणि पिस्टनच्या रिंगा खाचेत चिकटून बसतात. तेव्हा ‘किती तास?’ याच्या आधी ‘शेवटचे केव्हा चालले आणि ऑइल केव्हा बदलले?’ हे विचारावे. हाताने लिहिलेली डागाळलेली नोंदवही मीटरपेक्षा जास्त भरवशाची असते.

जाहिरातीत कधीच न लिहिली जाणारी आणि किमतीवर सर्वांत जास्त परिणाम करणारी गोष्ट म्हणजे इंजिन थंड कशाने होते. काही इंजिनांच्या ब्लॉकमधून (ओतीव धडातून) थेट समुद्राचे पाणी फिरते. काहींत आत गोडे पाणी आणि कूलंट फिरते आणि त्याची उष्णता हीट एक्सचेंजरमधून खारे पाणी उचलून नेते. पहिल्या प्रकारात ब्लॉक आणि हेडच्या वाटा आतून गंजतात व क्षारांनी भरतात. क्षार बसू नयेत म्हणून अशा इंजिनाला ५५ ते ६० अंशांच्या आसपास उघडणारा थर्मोस्टॅट (पाण्याची वाट उघडणारा व्हॉल्व्ह) लावतात, म्हणजे ते जन्मभर थोडे गारच चालते. खाऱ्या पाण्यावर वीस वर्षे काढलेला असा ब्लॉक बाहेरून कितीही देखणा असला तरी तो पुन्हा बांधण्यात अर्थ उरलेला नसतो. त्याच वयाचे गोड्या पाण्याचे इंजिन मात्र बांधण्यालायक असू शकते. दोघांना एकच भाव लावणे चूक.

हीट एक्सचेंजर असेल आणि त्यावर झिंकचा प्लग (इतर धातूंऐवजी स्वतः गंजून जाणारा जस्ताचा तुकडा) असेल, तर तो उघडायला सांगा. अर्धा खाल्लेला झिंक ही चांगली खूण: तो आपले काम करत होता आणि वेळच्या वेळी बदलला जात होता. नुसते पितळी बूच हातात आले, तर झिंक संपून किती काळ लोटला कोण जाणे. तोवर नळ्यांचा धातू खाल्ला गेला असणार. कोरा करकरीत झिंक काहीच सांगत नाही, त्यामुळे त्यावर खूश होऊ नये.

वेळ एकच भाग उघडण्यापुरता असेल तर एक्झॉस्टचे कोपर (धुराच्या नळीचे वळण) उघडा. गरम धुरात खारे पाणी मिसळते ते या ठिकाणी. उष्णता, मीठ आणि धुरातले आम्ल एकत्र आल्यावर ओतीव लोखंड टिकणार किती? चार बोल्ट काढून आत बोट घाला. भोक काजळीने आणि गंजाने अर्धे झाले असेल तर इंजिनाचा श्वास कोंडलेला आहे, आणि मालकाने वर्षानुवर्षे तिकडे पाहिलेले नाही. आतली भिंत भोकाळली असेल तर प्रश्न फार मोठा: पाणी मागे मॅनिफोल्डमध्ये (सिलिंडरांचा धूर गोळा करणाऱ्या नळीत) आणि उघड्या एक्झॉस्ट व्हॉल्व्हवाटे सिलिंडरमध्ये उतरते. त्याच वेळी पाणी मिसळण्याची जागा बाहेरच्या पाणपातळीच्या किती वर आहे तेही बघावे. ती पातळीला लागून किंवा खाली असेल तर पाण्याच्या नळीला उंच वळसा आणि त्याच्या माथ्यावर हवा घेणारा सायफन-तोड व्हॉल्व्ह हवाच. तो नसेल किंवा मिठाने चिकटलेला असेल, तर बंद इंजिनात पाणी शिरले असण्याची शक्यता धरूनच पुढे जावे. सुरू न होणारे इंजिन समुद्राचे पाणी आत घेणारा कॉक उघडा ठेवून बराच वेळ सेल्फ मारल्यानेही असेच बुडते: पाणी बाहेर फेकायला धूर नसतो, पण पंप पाणी ढकलतच असतो, आणि ते सायलेन्सर भरून मागे येते.

आता ‘चालू स्थितीत’. चालू म्हणजे काय? गरम केलेले कोणतेही इंजिन चालू होते. विकणाऱ्याला आधीच सांगून ठेवा की आम्ही येईपर्यंत हात लावू नका, आणि पोचल्यावर पहिला तळहात हेडवर ठेवा. कोमट लागले तर त्या दिवशी तपासणी करण्यात अर्थ नाही. गार असेल तर सुरू करण्याआधी ऑइलची पट्टी काढा. दुधाळ ऑइल म्हणजे पाणी. पातळी खुणेच्या वर आणि डिझेलचा वास म्हणजे लिफ्ट पंपाचा (टाकीतून डिझेल ओढणाऱ्या पंपाचा) पडदा किंवा इंजेक्शन पंपाचे सील गेले आहे. कूलंटवर तेलाचा तवंग असेल तर हेड गास्केटकडे किंवा ऑइल कूलरकडे बोट जाते. मग पुढच्या पुलीच्या नटाला पाना लावून इंजिन हाताने दोन पूर्ण फेरे फिरवा. प्रत्येक सिलिंडर सारख्याच जोराने अडवतो का, हे मनगटाला कळते. फिरलेच नाही, तर पुढचे सगळे प्रश्न मिटले: भाव सुट्या भागांचा.

ग्लो प्लग (सिलिंडर आतून तापवणारे प्लग) असतील तर ते तापवून, गार इंजिन पहिल्या काही सेकंदांत सुरू झाले पाहिजे. इंजिनाशेजारी ईथरचा (सहज पेटणाऱ्या द्रवाचा) स्प्रे दिसला तर कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये हवा दाबली जाण्याचा जोर, गेल्याचा संशय घ्या. ग्लो प्लगच्या इंजिनात तो मारणे धोक्याचेही आहे. सुरुवातीचा पांढरा धूर क्षम्य आहे. तो न हटता राहिला आणि डोळ्यांना झोंबला, तर ते न जळलेले डिझेल: दोष डिझेल फवारणाऱ्या नोझलचा किंवा कॉम्प्रेशनचा. न झोंबणारा आणि हवेत चटकन विरणारा पांढरा धूर म्हणजे वाफ. मग मागून पाणी किती पडते ते बघा, पाण्याच्या पंपातल्या इम्पेलरच्या पाती तुटलेल्या असतील. निळा धूर ऑइलचा. काळा म्हणजे डिझेल जास्त किंवा हवा कमी. गरम झाल्यावर ऑइल भरण्याचे झाकण सैल करा. हलका श्वास चालतो. झाकण नाचू लागले तर दाब रिंगांवरून खाली उतरतो आहे.

धक्क्याला बांधून दहा मिनिटे चालवलेले इंजिन तपासले असे होत नाही. बोट मोकळ्या पाण्यात काढून, इंजिन तापल्यावर, पूर्ण थ्रॉटलवर काही मिनिटे तरी चालले पाहिजे, आणि नामपट्टीवर लिहिलेले आरपीएम गाठले पाहिजे. ३६०० लिहिले असताना ३००० वर अडकले आणि मागे काळा धूर असेल, तर बोजा जास्त आहे: पंखा (प्रोपेलर) मोठ्या पिचचा, म्हणजे पाती जास्त तिरप्या असलेला, नाहीतर तळाला कालवे आणि शेवाळ. धूर काळा नाही आणि तरी चढत नाही, तर डिझेल पुरत नाही: फिल्टर, टाकीतली चाळणी, किंवा केबल थ्रॉटलच्या थांब्यापर्यंत पोचतच नाही. हा शेवटचा मुद्दा न्यूट्रलमध्ये आरपीएम बघून लगेच सुटतो. पाण्याचे तापमान आयडलवर ठीक राहते आणि पूर्ण बोजावर हळूहळू चढत जाते, तेव्हा एक्सचेंजर तुंबलेला किंवा खाऱ्या पाण्याचा पंप झिजलेला असतो. दोरखंडाने बांधून गिअरमध्ये टाकले तर पंख्यावरचा भार चालत्या बोटीपेक्षा जास्त असतो. तिथे आरपीएम थोडे कमी दिसले म्हणून इंजिनाला नावे ठेवू नयेत.

ऑइलचा दाब डॅशबोर्डच्या घड्याळावर मोजू नका. सेंडर (घड्याळाला दाब कळवणारा भाग) काढून त्या जागी यांत्रिक गेज लावा, आणि गरम इंजिनाच्या आयडलवरचा आकडा मॅन्युअलशी ताडा. पुष्कळ इंजिनांत तो १ बारच्या आसपास आणि चालत्या आरपीएमवर ३ ते ४ बार असतो. जाड ग्रेडचे ऑइल ओतून दाब वर दाखवण्याची युक्ती जुनीच आहे. ऑइल कोणते आहे ते विचारा.

कॉम्प्रेशनचे आकडे डिझेलमध्ये साधारण २५ ते ३५ बारच्या पट्ट्यात येतात, पण मॉडेलगणिक फरक असतो. त्या आकड्यापेक्षा सिलिंडरांमधला आपसातला फरक महत्त्वाचा. तो दहा टक्क्यांच्या वर गेला की शंका घ्यावी. बॅटरी अर्धी असेल तर सगळेच आकडे खाली येतात. पेट्रोल इंजिनात करतात तशी सिलिंडरमध्ये ऑइल ओतून चाचणी डिझेलमध्ये करू नये. पिस्टनवरची जागा इतकी थोडी असते की ऑइल जास्त झाले तर कनेक्टिंग रॉड वाकेल. त्यापेक्षा पिस्टन माथ्यावर आणून, क्रँक अडकवून, आत हवेचा दाब द्या आणि कान लावा. हवा ऑइलच्या झाकणातून आली तर रिंगा, हवेच्या तोंडातून आली तर इनलेट व्हॉल्व्ह, एक्झॉस्टमधून आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह. कूलंटच्या टाकीत बुडबुडे आले तर गास्केट गेले आहे किंवा हेडला चीर आहे.

ऑइल प्रयोगशाळेत पाठवणार असाल तर ते किती तास चालले आहे तेही कळवा. काल बदललेल्या ऑइलचा अहवाल निर्मळच येणार. लोखंड झीज सांगते, तांबे आणि शिसे बेअरिंगांकडे बोट दाखवतात, सोडियम खाऱ्या पाण्याकडे किंवा कूलंटकडे, सिलिकॉन बहुधा धुळीकडे.

गिअरबॉक्सचा भाव वेगळा काढावा, इतका तो मोठा आहे. त्याचे ऑइल दुधाळ झाले असेल तर बहुधा त्याच्या छोट्या कूलरची नळी फुटून खारे पाणी आत गेले आहे. वीतभर कूलर अख्खा गिअरबॉक्स मारतो. जळका वास म्हणजे क्लचच्या प्लेटी. आयडलवर खडखड होते आणि आरपीएम वाढवताच थांबते, तर इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामधली, धक्के शोषणारी डॅम्पर प्लेट बघा.

‘नुकतेच बांधलेले’ या शब्दाचा अर्थ रिंगा बदलून रंग मारण्यापासून क्रँक ग्राइंड करण्यापर्यंत काहीही असू शकतो. होजपाइपवर आणि नटांच्या खाचांत रंगाचे शिंतोडे दिसले, तर बांधणी फवाऱ्याने झाली. खऱ्या बांधणीचे बिल बोलते: बोअर किती घेतला, पिस्टन ०.२५ की ०.५० मिमी मोठे, क्रँकची बेअरिंगे कोणत्या मापाची, पंप बेंचवर कॅलिब्रेट झाला का, नोझल बदलली का. बिल नसेल तर बांधणीचे पैसे मोजू नयेत.

सुट्या भागांचा हिशेब बोटीत उलटा चालतो. बहुतेक बोट-इंजिने ट्रॅक्टरच्या, ट्रकच्या किंवा कारखान्यातल्या इंजिनांवर समुद्री साज चढवून केलेली असतात. पर्किन्स ४.२३६ घ्या. हे २३६ घनइंचांचे, म्हणजे साधारण ३.९ लिटरचे इंजिन ट्रॅक्टरांतही भरपूर गेले, त्यामुळे पिस्टन, लायनर, गास्केट मिळतात. अडते ते पाण्याने थंड होणारे मॅनिफोल्ड, एक्सचेंजरचा नळ्यांचा गठ्ठा आणि एक्झॉस्टचे कोपर यांवर. म्हणून मॉडेल आणि इंजिन क्रमांक हाती आला की आधी या तीन भागांची चौकशी करावी, मग भाव बोलावा. मॉडेलमागोमाग खोडीही कळतात: फोर्ड लेहमन १२० या (फोर्डवर समुद्री साज चढवलेल्या) इंजिनाच्या इंजेक्शन पंपाला स्वतःचे वेगळे ऑइल असते आणि ते दर ५० तासांनी बदलायचे असते. मालकाला हे ठाऊकच नसेल, तर पंपाचा खर्च भावातून वजा करा.

भाव बांधताना तळ आणि छत आधी ठरवावे. तळ म्हणजे भंगाराचे वजन अधिक सेल्फ, अल्टरनेटर, इंजेक्शन पंप आणि गिअरबॉक्स यांची सुटी किंमत. छत नुसत्या नव्या इंजिनाच्या किमतीवर ठरत नाही. त्याच ताकदीचे दुसरे इंजिन त्या बोटीत बसवायला पायाचे बीम, शाफ्ट, पंखा, एक्झॉस्टची जाडी आणि वायरिंग यांत जे बदलावे लागेल, तो खर्चही छतात धरावा. यामुळेच जागेवर चालणारे इंजिन त्या बोटीसाठी महाग, आणि तेच लाकडी पाटावर उतरवले की स्वस्त. पाटावरचे, चालताना कुणी न पाहिलेले इंजिन हे पुन्हा बांधण्यासाठीचा कच्चा माल समजावे. सोबत पॅनेल, वायरिंग, रबरी पाय आणि शाफ्टची कपलिंग नसेल तर आणखी कापावे. या वस्तू एकेक करून जमवताना त्यांचीच बेरीज इंजिनाएवढी होते.

छोट्या जाहिराती छापणाऱ्यांना एक विनंती. ‘उत्तम कंडिशन’ या दोन शब्दांपेक्षा थोड्याच जास्त जागेत ‘गोड्या पाण्याचे, रिडक्शन २:१’ (इंजिनाच्या दोन फेऱ्यांना पंख्याचा एक) बसते. त्यापुढे मॉडेल, इंजिन क्रमांक, शेवटचे कधी चालले आणि ‘गार इंजिन सुरू करून दाखवू’ एवढे आले, तर अर्ध्या लोकांचा जाण्यायेण्याचा खर्च वाचेल.

आपला,
बोट-इंजिनांचे काम करणारा एक वाचक