तुझ्या प्रश्नाचं राहिलेलं उत्तर

चि. मुक्तास,
अनेक आशीर्वाद.

पृथ्वीच्या पोटात एवढी उष्णता असताना आपण कोळसा का जाळतो, असं तू परवा फोनवर विचारलंस. माझं उत्तर अर्धवट राहिलं. तेलाच्या विहिरी खोदण्यात जन्म गेलेल्या माणसाने ते नीट द्यायला हवं.

उष्णता आहेच. दर किलोमीटरला साधारण 25 ते 30 अंश सेल्सिअसने ती वाढत जाते. इटलीत लार्देरेल्लोला 1904 मध्ये जमिनीतल्या वाफेवर पाच दिवे लागले. आजही तिथे वीज तयार होते. पण वाफ आपणहून वर येते अशा जागा मोजक्या. बाकी सगळीकडे उष्णता खोलवर, कोरड्या घट्ट खडकात आहे. तिथे पाणी दाबाने सोडून भेगा उघडायच्या आणि तापलेलं पाणी दुसऱ्या विहिरीतून वर घ्यायचं. ऊन नसो, वारा नसो, वीज चालूच. मला याचं फार मोल वाटतं.

अडतं ते खोदण्याशी. कोला द्वीपकल्पावर सोव्हिएत तंत्रज्ञ 12,262 मीटर खाली गेले. तळाशी 100 अंश असतील असा अंदाज होता, निघाले 180, आणि पुढे जाता येईना. खोलवर बिट, म्हणजे खडक कापणारं टोक, झिजली की अख्खी पाइपांची माळ वर काढायची, बिट बदलायची, पुन्हा सगळं खाली सोडायचं. त्यात रात्री कशा जातात ते मी भोगलंय. उलट आइसलँडमध्ये क्राफ्लाला 2009 साली दोन किलोमीटरच्या थोडंच पुढे बिट थेट शिलारसात घुसली! त्या विहिरीने पुढे 450 अंशांची वाफ दिली. पाणी एवढं तापलेलं असलं, तर तेवढ्याच विहिरीतून कितीतरी पट ऊर्जा वर येते. म्हणून तर एवढं खोल जायचं.

एक गोष्ट मात्र विसरू नकोस. स्वित्झर्लंडमधल्या बाझल शहराखाली 2006 मध्ये असंच पाणी सोडताना 3.4 तीव्रतेचा धक्का बसला आणि तो प्रकल्प पुढे बंदच झाला. लोक घाबरले यात त्यांचं काही चुकलं नाही. वर कोण राहतं हे आधी पाहायचं, त्यांना सगळं सांगायचं, मगच पंप सुरू करायचा.

माझ्या खोदकामाच्या रिगवरच्या वह्या कपाटातून काढून ठेवल्यात. कुठल्या खडकात बिट किती तास टिकली, सगळं त्यात आहे. येशील तेव्हा घेऊन जा.

तुझे,
बाबा