उरलेली काडतुसे नव्या नेमबाजांना रास्त भावात द्या

संपादक महोदय,

पॅरिस ऑलिंपिकमध्ये २०२४ साली स्वप्नील कुसाळे यांनी ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये कांस्यपदक जिंकले आणि पुण्यातील बालेवाडीच्या नेमबाजी रेंजकडे अनेक मुलामुलींचे लक्ष वळले. हवेच्या दाबावर छर्रा सोडणाऱ्या एअर रायफलवर हात बसला की पुढची पायरी पॉइंट टू टू, म्हणजे ०.२२ इंची काडतुसांच्या, रायफलची. इथेच बहुतेक घरांचे गणित कोलमडते. पात्रता फेरीतच ६० गोळ्या, त्याआधीच्या चाचणीच्या वेगळ्या, आणि सराव तर रोजचाच! स्पर्धेच्या दर्जाची काडतुसे आयात केलेली, महाग.

दुसरीकडे, अनुभवी नेमबाजांकडे पेट्या पडून असतात. प्रत्येक रायफलच्या नळीला काडतुसांचा ठरावीक लॉटच, म्हणजे एकाच वेळी बनलेला साठाच, मानवतो. लक्ष्यावरच्या १०.४ मिलिमीटर व्यासाच्या, दहा गुणांच्या वर्तुळात गोळ्या बसेनात, की तो लॉट बाजूला पडतो. स्पर्धेला कमी पडणारी ही काडतुसे नवशिक्याच्या सरावाला उत्तम असतात. ती खरेदीच्या भावात, जमल्यास थोडी कमी किमतीत द्यावीत. टंचाई पाहून भाव चढवणे मला अजिबात पटत नाही.

अर्थात घेणाऱ्याकडे परवाना वा कायदेशीर हक्क हवाच. शस्त्र अधिनियम १९५९ नुसार देणाऱ्याला आधी जिल्हा दंडाधिकारी किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला लेखी कळवून ४५ दिवस थांबावे लागते. ही अट योग्यच आहे. मात्र नवख्या पालकांना ती माहीत नसते. शहरातील रायफल क्लबांनी अर्जाचा नमुना आणि लॉटनिहाय रास्त दर सूचना फलकावर लावावेत.

– एक नेमबाज, कोथरूड, पुणे