रील चालली, गाणारी सापडेना

संपादक साहेब, नमस्कार,

मागच्या रविवारी तुमच्या पुरवणीत नाशिकच्या नव्या गाणाऱ्या-वाजवणाऱ्या पोरांवर पानभर आलं होतं, फोटो झकास, वाचून बरं वाटलं. फक्त शेवटी असं लिहिलंय की आता स्टेज नाही मिळालं तरी अडत नाही, मोबाईल आहे, रील टाकली की सगळं जग ऐकतं. हे जरा खटकलं म्हणून लिहितोय. मी नाशिकरोडला राहतो, वीस वर्षं झाली तबला वाजवतोय आणि घरातल्याच एका खोलीत छोटं रेकॉर्डिंग पण करतो, म्हणजे यातली बरीचशी पोरं माझ्याकडेच येतात, मिक्सिंगचे पैसे हप्त्याने देतात आणि गाणं टाकलं की पंधरा दिवसांनी तोंड पाडून परत येतात, सर कोणी ऐकतच नाहीये.

आणि ऐकलं तरी काय होतं ते सांगतो. सिन्नरकडची एक मुलगी आहे, जात्यावरच्या ओव्या म्हणते, आवाज असा की अंगावर काटा. गोदाघाटावर पायरीवर बसून म्हणत होती, मित्राने मोबाईलवर घेतलं आणि स्वतःच्या अकाउंटवरून टाकलं. दोन लाखांच्या वर लोकांनी बघितलं. ऑडिओवर नाव कुणाचं दिसतंय तर मित्राचं, कारण अकाउंट त्याचं, खाली वर्णनात हिचा पत्ताच नाही. हिचं स्वतःचं अकाउंट प्रायव्हेट, नाव म्हणजे कसलंतरी फुलपाखरू आणि पुढे तीन आकडे. दिवाळी पहाट करणारे एक गृहस्थ चार दिवस तिला शोधत होते, मला पण विचारलं, मला तेव्हा माहीत नव्हती, शेवटी त्यांनी दुसरीला बोलावलं. मानधन गेलं, पहाटेची ती मैफल गेली, आणि हिला हे कळलं दिवाळी झाल्यावर!

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे की रील चालणं वेगळं आणि एकदा ऐकलेल्या माणसाला तुम्ही परत सापडणं वेगळं, आणि प्रोफाइल असतं ते या दुसऱ्या कामासाठी. आपली पोरं त्याचा बसस्टॉपवरच्या भिंतीसारखा वापर करतात, पोस्टर चिकटवायचं आणि निघून जायचं.

आता नावाचंच घ्या. एका बँडने नदीवरून नाव ठेवलंय, भावना चांगली आहे हो, पण शोधायला गेलं की आधी गोदाआरती येते, मग गंगापूर धरणाचा विसर्ग, मग दुतोंड्या मारुतीच्या कुठपर्यंत पाणी आलं त्याचे व्हिडिओ, आणि बँड काही येत नाही. मी म्हटलं नावापुढे एखादा शब्द जोडा, तर म्हणे सर व्हाइब जाते. दुसरा एकजण इन्स्टाग्रामवर एक स्पेलिंग लिहितो, यूट्यूबवर दुसरं, स्पॉटिफायवर तिसरं. स्पॉटिफायला आपण थेट गाणं टाकू शकत नाही, मधे डिस्ट्रिब्युटर, म्हणजे आपलं गाणं तिथे पोचवणारी कंपनी लागते, आणि तिथे फॉर्म भरताना आधीचं प्रोफाइल नीट निवडलं नाही तर गाणं त्याच नावाच्या भलत्याच माणसाच्या पानावर जाऊन बसतं. या पठ्ठ्याचं भावगीत कुठल्यातरी पंजाबी गायकाच्या गाण्यांत महिनाभर नांदत होतं. मग मेलामेली. त्यापेक्षा पहिल्या दिवशीच एक नाव, एक स्पेलिंग ठरवा, सगळीकडे तेच ठेवा आणि फोटो पण सगळीकडे एकच. गाण्याचं नाव आणि शब्द देवनागरीत लिहाच, पण इंग्रजी अक्षरांत पण लिहा, कारण आपलेच लोक मराठी गाणं इंग्रजी अक्षरांत शोधतात, मी पण तसंच शोधतो.

बायोत काय लिहावं यावर तर मी रोज एकदा भांडतो. म्युझिक इज लाइफ. अरे बाबा असेल, पण तू गातोस का वाजवतोस, काय गातोस, कुठला आहेस, कार्यक्रमाला बोलवायचं तर कुठे मेसेज करायचा? नाशिक हा शब्दसुद्धा नसतो. आणि घरचं खातं वेगळं ठेवा. फेसबुकच्या साध्या प्रोफाइलला पाच हजार मित्रांची मर्यादा असते, त्यात अर्धे नातेवाईक, आणि मावशीच्या वाढदिवसाच्या फोटोखाली तुमचं नवीन गाणं कोण बघणार? पेज वेगळं काढा, नवीन गाणं वर पिन करा. आणि ज्याने शब्द लिहिले, ज्याने बासरी वाजवली, त्यांची नावं लिहून टॅग करा. हे सौजन्य तर आहेच पण फायदा पण आहे, बासरीवाल्याची माणसं आपोआप गाण्यापर्यंत येतात. आम्हा तबलेवाल्यांचं नाव तसंही कोणी लिहित नाही, ते जाऊ द्या.

आता माझा स्वतःचा मूर्खपणा. चार वर्षांपूर्वी विद्यार्थ्यांचा एक ट्रॅक काढला आणि प्रमोशन करून देतो म्हणणाऱ्या एकाला सहा हजार रुपये दिले. दोन दिवसांत अकरा हजार व्ह्यू. घरात पेढे वाटले खरोखर. मग आकडेवारी उघडून पाहिली तर ऐकणारे सगळे असल्या देशांतले की जिथे मराठी माणूस औषधाला सापडायचा नाही, आणि सगळे सात-आठ सेकंदांत पळालेले. एक कमेंट मराठीत नाही. वर नुकसान असं की ॲपला वाटतं हे गाणं लोकांना आवडत नाही, मग ते खऱ्या माणसांना पण दाखवणं कमी करतं. स्पॉटिफायने तर २०२४ पासून अशा खोट्या ऐकण्याबद्दल डिस्ट्रिब्युटरकडून दंड घ्यायला सुरुवात केलीये आणि तो फिरून पोरांच्याच गळ्यात पडू शकतो. पैशाचं पण स्पष्ट सांगतो, तिथे बारा महिन्यांत एक हजार वेळा ऐकलं गेल्याशिवाय त्या गाण्याचा एक रुपया निघत नाही, आणि यूट्यूबवर जाहिरातीतला वाटा हवा तर हजार सबस्क्रायबर आणि वर्षात लोकांनी बघितलेले चार हजार तास, नाहीतर नव्वद दिवसांत शॉर्ट्सचे एक कोटी व्ह्यू. म्हणजे सुरुवातीला घर चालतं ते कार्यक्रमांवर आणि शिकवण्यांवर, आणि त्यांना बोलावणारी माणसं असतात कॉलेज रोडला, सिडकोत, फार तर पुण्याला.

अजून एक, जे या पोरांनी पाहिलेलं नाही. आमच्या वेळी इन्स्टाच्या जागी ऑर्कुट होतं, मायस्पेस होतं. मी मायस्पेसवर चार गाणी टाकली होती, मोठ्या हौसेने. २०१९ मध्ये त्यांनीच सांगितलं की सर्व्हर बदलताना जुनी गाणी गेली, पाच कोटींच्या वर गाणी गेली असं तेव्हा छापून आलं होतं. माझी चार त्यातच, आणि दोनाची मूळ फाइल पण माझ्याकडे नाही. ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ ला बंद. टिकटॉकवर जून २०२० मध्ये आपल्याकडे बंदी आली तेव्हा लाख लाख फॉलोअर असलेली खेड्यापाड्यातली पोरं एका रात्रीत मोकळी झाली. म्हणून मी सगळ्यांना सांगतो, कार्यक्रम झाला की दाराशी एक वही ठेवा, ज्याला आवडलं त्याने नाव-नंबर लिहावा. व्हॉट्सॲपवर ब्रॉडकास्ट लिस्ट करा, एका लिस्टमध्ये २५६ जण बसतात, पण समोरच्याने तुमचा नंबर सेव्ह केलेला असेल तरच मेसेज पोचतो, तेव्हा तिथल्या तिथे सेव्ह करून घ्या, लाजू नका. माझ्या एका विद्यार्थ्याच्या वहीत एकशे चाळीस नावं आहेत आणि त्याचं नवीन गाणं आलं की साठ-सत्तर जण त्याच दिवशी ऐकतात. इन्स्टाचे त्याचे नऊ हजार, त्यातले तेवढे पण येत नाहीत.

लोकांकडे आपण जायचं ही काही मोबाईलची शिकवण नाही म्हणा. गायक विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं ते राजेरजवाड्यांच्या जिवावर नाही, लोकांच्या वर्गणीवर आणि स्वतःच्या मैफलींवर, स्वरलिपीची पुस्तकं छापली, आणि आयुष्याची शेवटची काही वर्षं इथेच आपल्या पंचवटीत काढली.

तर आता मागणं. तुमच्या शनिवारच्या पानावर शहरात काय चाललंय याची चौकट असते. त्यात नाशिक जिल्ह्यातल्या नव्या गाण्यांना आठवड्याला चार ओळी द्या. लिंक छापू नका, कागदावर बोट दाबून काही उघडत नाही. फक्त गाणाऱ्याचं नाव, ज्या स्पेलिंगने शोधलं की सापडतं त्या स्पेलिंगने. पहिल्या आठवड्यासाठी सिन्नरच्या त्या मुलीचं मी देतो, तिने आता अकाउंट स्वतःच्या नावाने केलंय.

आपला,
नाशिकरोडचा एक तबलावाला वाचक