बागेत शेकोटी, घरात गारठा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

थंडीचा कडाका वाढला की निफाडचा पारा आपल्या दैनिकाच्या पहिल्या पानावर येतो. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात पाच-सहा अंशांची नोंद झाली, की त्याखालची वाक्येही ठरलेली असतात : गहू-हरभऱ्याला ही थंडी पोषक आहे, द्राक्षमण्यांना तडे जाण्याची भीती आहे, बागाईतदारांनी पहाटे बागांत शेकोट्या पेटवल्या आहेत. यातले काहीच खोटे नाही. माझ्या भावाची दोन एकर बाग आहे आणि पहाटे तीनला उठून ठिबक सुरू करण्याचे, बांधावर ओला पालापाचोळा पेटवून बागेत धूर धरण्याचे काम मीही केले आहे. मात्र ज्या रात्री आम्ही वेलींसाठी जागतो, त्याच रात्री बागेपलीकडच्या पत्र्याच्या खोलीत एकटे निजलेले माणूस किती अंशांत निजले आहे, याची चौकशी आम्ही कधी केली नव्हती.

गेल्या डिसेंबरात ती करावी लागली. आमच्या गल्लीत एक आजी एकट्या राहतात. वय ऐंशीच्या पुढे, मुलगा-सून कामासाठी बाहेरगावी, खर्चाला श्रावणबाळ योजनेचे दरमहा १,५०० रुपये. सकाळी दूध घालायला गेलेल्या मुलाने हाका मारल्या, तरी त्यांनी कडी काढली नाही. आम्ही आत गेलो तेव्हा त्या जाग्या होत्या, पण जीभ जड झाली होती. ‘‘मास्तर, निजू द्या की,’’ एवढेच म्हणाल्या. अंगाला कापरे नव्हते, म्हणून मला आधी हायसे वाटले. तीच माझी पहिली चूक. शरीराचे तापमान ३५ अंशांच्या खाली उतरले की आधी हुडहुडी भरते, पण ते आणखी घसरले की हुडहुडी थांबते, बोलणे अडखळते, माणूस गुंगीत जाते, आणि म्हाताऱ्या माणसाला तर आपण गारठलो आहोत हेच पुष्कळदा उमगत नाही. डॉक्टरांनी येऊन समजावले की हातपाय चोळायचे नाहीत, कढत पाण्यात बुडवायचे नाहीत. छाती-पोट कोरड्या कपड्यांत गुंडाळायचे, आणि माणूस शुद्धीवर असून नीट गिळत असेल तरच कोमट, गोड चहा द्यायचा. आजी वाचल्या.

दुसरी चूक त्याच रात्री झाली. छाटणीच्या काड्यांचे निखारे एका घमेल्यात भरून आम्ही आजींच्या खोलीत ठेवले आणि ऊब टिकावी म्हणून दाराच्या फटीत गोण्या कोंबल्या. तासाभराने पाहायला गेलो तर आजी म्हणाल्या, डोके जड झाले आहे, मळमळते आहे. निखाऱ्यांतून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला ना रंग असतो ना वास, आणि बंद खोलीत तो झोपेतच माणसाचा जीव घेतो, हे मी पंचवीस वर्षे वर्गात शिकवले आहे. तरीही ते घमेले मीच आत नेले होते.

त्यानंतर शाळेतला एक जुना तापमापक मी आजींच्या खोलीत टांगला. पहाटे पाचला बाहेर सहा अंश आणि आत आठ. राहत्या घरात किमान १८ अंश तापमान असावे, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ साली सांगितले आहे. आमच्याकडे ही चैनच वाटेल, पण आठ आणि अठराच्या मध्येही बरीच जागा आहे. पत्रा दिवसा जसा तापतो तसाच रात्री निरभ्र आकाशाखाली झपाट्याने निवतो, आतल्या बाजूने त्याला दव धरते, आणि पहाटे ते थेंब अंथरुणावर पडतात. भिंत आणि पत्रा यांच्यामध्ये चार बोटे फट असते, तिथून वारा येतो. खाली शहाबादी फरशी. अशा खोलीत अंगावर दोन पांघरुणे घेतली तरी पाठीखालून गारठा चढतच राहतो.

म्हणूनच दरवर्षी होणाऱ्या ब्लँकेटवाटपाबद्दल मला थोडे स्पष्ट लिहावेसे वाटते. उघड्यावर निजणाऱ्यांना त्याचा आधार होतो, हे खरे. पण मांडव घालून, रांगेत बसवून, फोटोपुरते खांद्यावर टाकलेले ते पातळ ब्लँकेट पत्र्याच्या घरातल्या माणसाचा प्रश्न सोडवत नाही. आजींच्या घरी आम्ही जे केले त्याला फारसा खर्च आला नाही. पत्र्याखाली जुन्या साड्या जोडून छत बांधले, अर्थात चुलीपासून दूर. भिंतीवरच्या फटी मातीने लिंपल्या आणि चुलीच्या बाजूचा झरोका मुद्दाम मोकळा ठेवला. बाजेवर द्राक्षाची कोरी खोकी उलगडून पसरली, त्यांवर गोधडी, आणि मग अंथरूण. कानटोपी आणि पायमोजे रात्रीही घालायचे, हे त्यांना पटवायला मात्र चार दिवस लागले. मोजे घालून निजणे त्यांना आजाऱ्याचे लक्षण वाटते. जानेवारीत पहाटेचा तोच तापमापक बारा-तेरा अंश दाखवू लागला.

हे गल्लीने केले म्हणून झाले. प्रत्येक गल्लीत ते आपोआप होईल, या भरवशावर राहता येणार नाही. एकटी राहणारी वृद्ध माणसे, अंथरुणाला खिळलेले रुग्ण, नुकत्याच बाळंत झालेल्या बाया कोणत्या घरांत आहेत, हे आशाताई आणि अंगणवाडीताईंना तोंडपाठ असते. ग्रामपंचायतीने नोव्हेंबरातच त्या घरांची यादी करावी, छत आणि फटींचे काम करून घ्यावे, आणि पारा दहाच्या खाली असेल त्या सकाळी सातच्या आत त्या घरात कोणी डोकावायचे, हे नावानिशी ठरवून ठेवावे. लाट जाहीर होण्याची वाट पाहण्यात अर्थ नाही. हवामान खात्याच्या निकषानुसार मैदानी भागात पारा दहा किंवा त्याखाली आणि शिवाय सरासरीपेक्षा किमान साडेचार अंशांनी कमी असावा लागतो, नाहीतर तो थेट चारपर्यंत उतरावा लागतो. जिथे सरासरीच खाली आहे तिथे सात अंशांची पहाट ‘लाट’ ठरेलच असे नाही, पण पत्र्याखालच्या माणसाला ती तितकीच बोचते. शीतलहर आणि दंव राज्य आपत्ती प्रतिसाद निधीच्या आपत्तींच्या यादीत आहेत. तेव्हा या कामासाठी शासनाने वेगळी तरतूद करावी, ही मागणी काही जगावेगळी नाही.

आपणांस एकच विनंती आहे. निफाडच्या पाऱ्याची चौकट छापाल तेव्हा तिच्याखाली दोन ओळी जोडाव्यात : बंद खोलीत शेगडी किंवा निखारे ठेवू नका, आणि शेजारी एकटे राहणारे वृद्ध सकाळी बोलताना अडखळत असतील, तर त्यांना झोप आली आहे असे समजू नका.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, ता. निफाड, जि. नाशिक